मांजराच्या पिल्लाचं पोट: पुडी फोडण्याआधी

पिठी आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत सापडली, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पांढरीशुभ्र, पावसाने निथळत असलेली. डॉक्टरांनी तोंड उघडून दाढा पाहिल्या आणि म्हणाले, सहा आठवड्यांची असावी. काट्यावर मात्र ती ४३० ग्रॅम भरली. एवढं वजन चार आठवड्यांच्या पिल्लाचं असतं. दात सहा आठवड्यांचे आणि अंग चार आठवड्यांचं, हा फरक कुठे जातोय ते तिच्या लिटरच्या ट्रेमध्ये दिसत होतं. दिवसातून सहा-सात वेळा पातळ, पिवळसर शी. जंताचं औषध झालं, दूध बंद केलं. दोन दिवस घट्ट, की पुन्हा पातळ. मांजरं पाळणाऱ्या ओळखीच्यांनी एकमुखाने सांगितलं, प्रोबायोटिक सुरू कर. मी पुड्या आणल्या आणि अकरा दिवस नेमाने दिल्या. काही फरक नाही. शेवटी शी दुसऱ्यांदा तपासली तेव्हा त्यात कॉक्सिडिया हा परजीवी निघाला. त्यावरचं औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रे वेगळा दिसू लागला, आणि मग त्याच पुड्यांचा तिला खरोखर उपयोग झाला.

ते अकरा दिवस तिच्या हाडांवर दिसत होते. तुमच्या पिल्लाचे असे दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी घाईचं बोलू. पातळ शीबरोबर उलट्या होत असतील, पिल्लाने एकामागोमाग दोन वेळचं खाणं नाकारलं असेल, ते मलूल पडून असेल, शीत रक्त दिसत असेल, हिरड्या पांढुरक्या किंवा बोटाला चिकट लागत असतील, तर पुढचं काही वाचू नका, डॉक्टरांकडे निघा. अर्ध्या किलोच्या जिवात पाणी आणि साखर यांचा साठा अगदी थोडा असतो. मोठं मांजर दोन दिवस तग धरेल तिथे पिल्लू काही तासांत खचतं. त्यातून लस झालेली नसेल तर पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या पार्व्होची शंका आधी दूर व्हायला हवी. मानेची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का ते पाहायची पद्धत इतक्या लहान पिल्लात फसवते. हिरड्याच बघा. पंजे आणि कान गार लागत असतील तर आधी ऊब द्या, खाणं नंतर. गारठलेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं आणि जबरदस्तीने भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, हिरडीला मधाचं किंवा ग्लुकोजच्या पाण्याचं बोट लावा आणि निघा. पिल्लाचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ९९ च्या खाली किंवा १०३ च्या वर गेलं तर तो दिवस घरी काढायचा नाही.

आता दुसऱ्या प्रकारचं पिल्लू. ते खेळतं, पडद्यावर चढतं, वाटी चाटून पुसून संपवतं, आणि तरी आठवडेच्या आठवडे त्याची शी बसत नाही. पिठी अशीच होती. अशा पिल्लाच्या बाबतीत माणूस थांबतो, कारण ते आजारी दिसत नाही. म्हणून दोन वस्तू लागतात, एक वही आणि स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. रोज सकाळी खाण्याआधी पिल्लाला पातेल्यात बसवून वजन करा आणि लिहून ठेवा. या वयात रोज १० ते १५ ग्रॅम वाढ अपेक्षित असते. महिन्याचं झाल्यावर वजन साधारण साडेचारशे ग्रॅम आणि दोन महिन्यांचं झाल्यावर नऊशेच्या आसपास. दोन दिवस काटा हलला नाही, तर पिल्लू कितीही उड्या मारो, डॉक्टरांना दाखवा. त्याच वहीत शी किती वेळा झाली, कशी झाली आणि काय खाल्लं होतं तेही लिहा. डॉक्टरांच्या टेबलावर पिल्लू घाबरून बसतं, तेव्हा ही वही त्याच्या वतीने बोलते.

शी न्याहाळायला लाजू नका. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, कुंथत, वर शेंबडासारखी आव आणि एखादा लाल थेंब असेल तर त्रास बहुधा मोठ्या आतड्यात आहे. भरपूर, पाणीदार, आणि पिल्लू खाऊनही वाळतंय, असं असेल तर लहान आतड्यात. डांबरासारखी काळी शी म्हणजे वरच्या भागात रक्त जातंय, आणि त्यामागे अंकुशकृमी असू शकतात. यातून निदान होत नाही, पण डॉक्टर कुठून सुरुवात करतील ते ठरतं.

सर्वांत साधं कारण वाटीतलं असतं. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध पुढे येतं, नाहीतर दूधपोळी. गाईम्हशीचं दूध मांजरीच्या दुधासारखं नसतं. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. शिवाय पिल्लू अंगावरचं तुटायला लागलं की दुधातली साखर पचवण्याची त्याची ताकद कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब होतात. दूध पाजायचंच वय असेल तर पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. तीही एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिलिलिटरच्या वर नको, कारण अतिभरणानेही पोट तसंच सुटतं. खाऊ लागलेल्या पिल्लाला दिवसाचं खाणं चार ते सहा वेळांत वाटून द्या. नवं खाणं आणलं असेल तर जुन्यात मिसळत सातेक दिवसांत बदला. आणि पोट बिघडलेलं असताना खाणं एकच ठेवा. सकाळी कोरडा दाणा, दुपारी मासळीचं डोकं, रात्री पाकिटातला रस्सा, असं चाललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

लंघन मात्र करवू नका. आपल्या घरात पोट बिघडलं की उपाशी ठेवायची रीत आहे, मोठ्या माणसाला ती चालूनही जाते. वाढत्या पिल्लाला उपाशी ठेवणं धोक्याचं आहे. उकडलेलं चिकन, हाडं काढून, मीठ-कांदा-लसूण न घालता कुस्करून दिलं तर बहुतेक पिल्लं आवडीने खातात. पण हे दोनचार दिवसांचं खाणं आहे, कारण नुसत्या चिकनमध्ये वाढत्या हाडांना पुरेल इतकं कॅल्शियम नसतं. नंतर पिल्लांसाठीच्या खाण्यावर परत या.

खाणं नीट करूनही तीनचार दिवसांत फरक नसेल तर त्या आतड्यात आणखी कोणीतरी राहतंय असं धरून चाला. गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात जातात, म्हणून जवळजवळ प्रत्येक पिल्लाला ते आहेत असंच मानतात. औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांचं होईपर्यंत, आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला दिलं जातं. ‘डिवर्मिंग झालंय’ म्हणून आपण निर्धास्त होतो. माझं तिथेच चुकलं. नेहमीचं जंताचं औषध दिसणाऱ्या जंतांवर चालतं. कॉक्सिडिया, जिआर्डिया, ट्रायट्रायकोमोनास हे एकपेशीय जीव आहेत, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे. पायरँटेलसारखं औषध त्यांना शिवतही नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. त्यातल्या ट्रायट्रायकोमोनासचं तर इतकं जपून द्यावं लागतं की निदान पक्कं झाल्याशिवाय कुणी ते देऊ नये, कारण जास्त झालं तर मेंदूवर परिणाम होतो.

म्हणून शी तपासा, आणि एकदा काही निघालं नाही म्हणून थांबू नका. हे जीव रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. पिठीचा पहिला नमुना स्वच्छ होता. तीन दिवसांच्या नमुन्यांत जी गोष्ट सापडते ती एका नमुन्यात निसटते. लिटरची वाळू न लागलेली ताजी शी, सुपारीएवढी, छोट्या झाकणाच्या डबीत घ्या आणि शक्यतो दोनेक तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये चालते, फक्त ट्रायट्रायकोमोनासची शंका असेल तर नाही, तो गारठ्यात मरतो आणि मग दिसत नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या ठिकाणी मांजराचे डॉक्टर नाहीत म्हणून हताश होऊ नका. जिथे गाईचं शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे पिल्लाची शीही तपासता येते. विचारा.

एवढं झालं की प्रोबायोटिकचा विषय योग्य जागी येतो.

पिल्लाच्या आतड्यातली वस्ती आईकडून येते, तिच्या दुधातून, तिच्या चाटण्यातून, तिच्या अंगावरच्या केसांतून. अंगावरचं तुटताना, म्हणजे चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, खाणं बदलतं तसतशी ही वस्तीही बदलते. आई लवकर हरवलेलं पिल्लू हा सगळा बदल एकट्याने करतं. त्यावर जंत, त्यावर एखादा अँटिबायोटिकचा कोर्स. प्रोबायोटिक म्हणजे अशा विस्कटलेल्या वस्तीत पाठवलेले उपयोगी जिवाणू किंवा यीस्ट. ते उपद्रवी जिवाणूंशी जागेसाठी आणि अन्नासाठी झगडतात, आतड्यात आम्ल वाढवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचं पोषण करणारे पदार्थ तयार व्हायला मदत करतात. पण ते तिथे कायमचं घर करत नाहीत. देणं थांबवलं की काही दिवसांत निघून जातात. म्हणून चार दिवस दिलं, दोन दिवस विसरलं, असं केलं तर हाती काही लागत नाही.

उपयोग होतो का? होतो, एका मर्यादेत. अमेरिकेतल्या उत्तर कोलोरॅडोमधल्या एका निवाराघरात केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २१७ मांजरं होती. काहींना एन्टेरोकॉकस फीशियम एसएफ६८ हा जिवाणू खाण्यातून दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली पूड. दोन किंवा अधिक दिवस जुलाब झालेल्या मांजरांचं प्रमाण पहिल्या गटात ७.४ टक्के होतं, दुसऱ्या गटात २०.७ टक्के. फरक चांगला मोठा आहे. पण नीट बघा, यात जुलाब कमी मांजरांना झाले. आतल्या परजीवीचा इलाज झाला असं यातून निघत नाही. पुढच्याच वर्षी अनेक जिवाणू एकत्र असलेल्या एका प्रोबायोटिकचा अनुभव प्रसिद्ध झाला, जुनाट जुलाब असलेल्या ५३ मांजरांवरचा. २१ दिवसांनी ७२ टक्के मालकांना सुधारणा वाटली. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि पोटं आपोआपही सुधारतात. मी दोन्ही वाचून असं ठरवलं की कारण सापडल्यावर, उपचाराच्या जोडीला आणि त्यानंतर काही दिवस प्रोबायोटिक द्यावं. उपचाराऐवजी देऊ नये.

कोणतं द्यायचं? पाकिटावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं पुरत नाही. जिवाणूचं पूर्ण नाव, त्याचा प्रकार सांगणारा क्रमांक, मात्रेत किती जिवंत जिवाणू आहेत तो आकडा आणि मुदतीची तारीख, हे चारही छापलेलं असावं. वर सांगितलेला एसएफ६८ मांजरांसाठीच्या फोर्टिफ्लोरा या पुडीत असतो. आपल्याकडे अनेक डॉक्टर माणसांच्या औषधांतलंही देतात. बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलिलिटरच्या कुपीत २०० कोटी बीजाणू असतात. त्याला वास-चव जवळजवळ नसते, त्यामुळे ओल्या खाण्यात सहज मिसळतं. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. पण ही औषधं मुलांच्या वजनासाठी मोजलेली असतात. अर्ध्या किलोच्या पिल्लाला किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. मुलांच्या पुड्यांत साखर आणि स्वादही असतात, ते मागच्या बाजूला वाचून बघा. चार आठवड्यांच्या आतलं, दूध पिणारं पिल्लू असेल किंवा फार अशक्त असेल तर स्वतःहून काहीच सुरू करू नका. जिवंत जिवाणू दुबळ्या शरीरात नेहमीच निरुपद्रवी राहतील असं नाही.

देताना पहिले दोन दिवस ठरलेल्या मात्रेच्या अर्धीच द्या. पोटात गुरगुर झाली किंवा शी थोडी सैल झाली तर ती बहुधा दोन दिवसांत शमते. पूड गरम खाण्यावर टाकू नका, जिवाणू मरतात. खाणं बोटाला कोमट लागलं की मग भुरभुरवा, आणि आधी दोन घासांत द्या, म्हणजे पूर्ण मात्रा पोटात जाते. अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंची पुडी त्याच्या दोनेक तास आधी किंवा नंतर. डबा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये विदर्भात बंद घराच्या कपाटात किती तापतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. पाकिटावर थंड जागा लिहिलं असेल तर ते पाळाच. आणि एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. प्रोबायोटिक, नवा दाणा आणि भोपळा एकाच दिवशी सुरू केलेत तर वहीचा काही उपयोग उरत नाही. पाच ते सात दिवसांत काडीचा फरक नाही असं दिसलं तर दुसऱ्या कंपनीची पुडी शोधू नका, पुन्हा शी तपासा. फरक पडला तर शी नीट झाल्यावरही आठवडाभर चालू ठेवा.

दह्याचं नेहमी विचारतात. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत, हे दर वाटीला बदलतं. दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असतं, त्यामुळे खाऊ लागलेल्या पिल्लाने ताज्या, गोड नसलेल्या दह्याचं बोट चाटलं तर बिघडत नाही. पण त्याला औषध समजू नका आणि वाटीभर देऊ नका. उकडून कुस्करलेला लाल भोपळा पाव चमचा किंवा चिमूटभर भिजवलेला इसबगोल कधी कधी मोठ्या आतड्याच्या जुलाबात शी बांधायला मदत करतो, पण तोही डॉक्टरांना विचारून आणि पाणी पुरेसं मिळत असेल तरच.

आता बाळगुटीबद्दल कळकळीने सांगते. जायफळ उगाळून देऊ नका. तान्ह्या बाळाला आजी देत असेल, मांजराला ते विषारी आहे. लोपेरामाइडसारख्या जुलाब थांबवणाऱ्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीच्या तुकड्यानेही मांजर दगावतं. आणि उरलेलं मेट्रोनिडाझोल ‘मागच्या वेळी लागू पडलं होतं’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. ते आतड्यातल्या चांगल्या वस्तीलाही झोडपतं, आणि मग आपणच प्रोबायोटिक शोधत बसतो.

फरशीकडेही बघा. जुलाब करणारं पिल्लू घरात आलं की फिनेलची बाटली बाहेर निघते. फिनॉलसारखी द्रव्यं निचरायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. पंजे ओल्या फरशीवर पडतात, मग ते चाटले जातात. दुसरीकडे कॉक्सिडिया नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही, त्याला उष्णता लागते. ट्रेमधली शी दिसली की लगेच उचला, ट्रे साबणाने घासून वर उकळतं पाणी ओता आणि उन्हात वाळवा. अंथरूण म्हणून गादी नको, रोज उकळत्या पाण्यात टाकता येतील असे जुने सुती तुकडे बरे. शेपटीखालचे केस कोमट पाण्याने पुसून कोरडे करा, कारण तिथे चिकटलेली शी पिल्लू स्वतः चाटून पुन्हा पोटात घालतं. घरात दुसरी मांजरं असतील तर बरं होईपर्यंत ट्रे आणि वाट्या वेगळ्या. आणि हात साबणाने धुवा, लहान मुलांचे तर नक्की. गोल जंत माणसात येऊ शकतात. घरात गर्भवती असेल तर ट्रे दुसऱ्या कुणीतरी, रोजच्या रोज, साफ करावा.

हे सगळं करूनही शी तीन आठवड्यांच्या वर पातळच असेल तर डॉक्टरांशी पुढच्या तपासण्यांबद्दल बोला. बी१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग दीर्घकाळ सुजलेला राहिला की ते कमी पडतं, आणि मग प्रोबायोटिक, खाणं, औषध काहीच नीट लागू पडत नाही. त्याची इंजेक्शनं स्वस्त असतात. काही पिल्लांना एखादं प्रथिनच मानवत नाही, त्यांना चिकन सोडून वेगळ्या प्रथिनाचं खाणं लागू पडतं. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या विषाणूंची चाचणी थेंबभर रक्तावर होते, रस्त्यावरून आलेल्या पिल्लाची ती करून घ्यावीच.

पिठीचं औषध संपल्यावर मी पुडी दहा दिवस दिली. तिसऱ्या दिवसापासून शी दिवसातून दोनदा, बोटासारखी. वहीत त्या आठवड्यात रोज १८-२० ग्रॅमची वाढ लिहिली आहे, मागे राहिलेलं भरून काढत होती. शी पुन्हा तपासून स्वच्छ निघाली तेव्हाच डॉक्टरांनी पहिली लस दिली, कारण आजारी पिल्लाला लस देणं ते टाळतात. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो. पिठीची सुरुवात तीन आठवडे उशिरा झाली. तेवढे दिवस आम्ही बाहेरची चप्पल दाराबाहेरच ठेवत होतो, कारण पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू तळव्याला चिकटूनही घरात येतो.